साठ पाट घरात येतात, मग पुण्याला कशाला?

"ताई, मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातली, होंड्याहून आत आमचा वाडा म्हणजे वस्ती आहे. वय २७. पणजीच्या आर्ट कॉलेजमधून पेंटिंगमध्ये बीएफए केलंय, पण हात खरा मातीतच चालतो कारण घरी आजोबांपासून गणपतीची चित्रशाळा आहे, दरवर्षी मूर्तीसाठी साठेक घरांचे पाट येतात. बाबांचा खाणीवर टिपर ट्रक होता, २०१८ ला खाण बंद पडल्यावर दोन वर्षं अंगणात उभा राहिला आणि शेवटी भंगाराच्या भावात गेला. आता बाबा, काका आणि मी मूर्ती करतो. दीड फुटाच्या मूर्तीला लोक १,८०० पर्यंत ठेवतात, बाबा भाव सांगत नाहीत. बाकीचं वर्ष मी टेराकोटा करते, दिवे, मुखवटे, नावाच्या पाट्या. इन्स्टावर टाकते, लाइक भरपूर, ऑर्डर नाही. आसगावला एका दुकानात माल ठेवलाय, आठ महिने झाले, पैसे आज देतो उद्या देतो. पुण्याच्या मैत्रिणी म्हणतात इकडे ये, स्टुडिओ शेअर करू. आई म्हणते एलडीसीचा, सरकारी क्लार्कचा, फॉर्म भर, तिच्या ओळखीचा एक माणूस काम करून देतो म्हणतोय. आणि रविवारी धबधबे बघायला येणारे मला म्हणतात तू किती लकी, असल्या गावात राहतेस. इथे राहून पोट भरेल का, खरं सांगा."

अगो, भरेल. पण आत्ता चाललंय तसंच चालवलंस तर नाही भरणार, आणि त्यात तुझ्या हाताचा काही दोष नाही, हिशोबाचा आहे. तू फोटो पाठवलेस ते बघितले, मुखवटे फार चांगले आहेत, डोळ्यांत जीव आहे. दिवे मला तेवढे नाही आवडले, तसले दिवाळीत म्हापशाच्या बाजारात ढिगाने मिळतात. पाट्यांवर नंतर येते.

आधी ते रविवारवाले. त्यांच्यावर रागावू नकोस पण त्यांच्यावर हिशोबही मांडू नकोस. सरकारी आकड्याप्रमाणे २०२४ मध्ये गोव्यात एक कोटीच्या वर टुरिस्ट आले, म्हणजे आपल्या अख्ख्या राज्याची वस्ती २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख होती त्याच्या किती पट ते बघ, आणि तरी तुमच्या होंड्याच्या तिठ्यावर त्यातल्या कोणाचा पैसा दिसतो का? तो सगळा किनाऱ्याला अडकतो, कळंगुट, बागा, हणजूण, आता मोरजी-मांद्रे. जे थोडे इकडे येतात ते हरवळ्याला नाहीतर चोर्ल्याला जातात, पाण्यात भिजतात, फोटो काढतात, गाड्यावर चहा-भजी खातात आणि अंधार पडायच्या आत परत. त्यांच्या भिजलेल्या बॅगेत टेराकोटाचा मुखवटा कुठे बसणार? गाव सुंदर आहे हे खरं, पण सुंदर गावात खाण बंद पडली तेव्हा, २०१२ ला एकदा आणि मग मार्च २०१८ ला परत, टिपरवाल्यांचं, गॅरेजवाल्यांचं, चहावाल्यांचं काय झालं ते तू घरातच बघितलंयस, तेव्हा त्या सुंदरपणाने कोणाचा हप्ता भरला नाही.

तर मुद्दा असा, की तू कुठे राहायचं आणि माल कुठे विकायचा हे दोन प्रश्न तू एकात घालून बसलीयस. राहा वाड्यावर. विकायला बाहेर जा. आणि दुसरं म्हणजे, गोव्यात कलेवर हात सैल सोडून खर्च करणारं खरं गिऱ्हाईक टुरिस्ट नाही, आपला सण आहे. चवथ म्हणजे गणपती, दिवाळीतला नरकासुर आणि फाल्गुनातला शिगमो. या तिघांकडे नीट बघ, मग पुण्याचं बोलू.

चवथीपासून सुरू करू कारण घोळ तिथेच आहे.

साठ पाट म्हणजे काय हे तुला कळत नाहीये असं तुझ्या पत्रावरून वाटतं, तू ते वाक्य असं लिहिलंयस जसं काही घरातली एक जुनी सवय. अगो, पावसाच्या तोंडावर साठ घरची माणसं आपापला पाट काखेत मारून स्वतःहून तुमच्या दारात येतात, त्यातल्या कितीतरी जणांच्या आज्यानेही पाट तुमच्याच आजोबांकडे दिलेला, कोणाला उजवा पाय खाली सोडलेला हवा, कोणाच्या घरी उंदीर डावीकडेच लागतो हे बाबांना तोंडपाठ असतं, आणि यातल्या एकालाही इन्स्टावर काही बघून यावं लागलेलं नाही. पणजीतला कोणताही स्टुडिओवाला असल्या साठ गिऱ्हाइकांसाठी जीव टाकेल. तुझ्याकडे ती बसल्या जागी आहेत आणि तू त्यांना फुकट वाटतेयस.

फुकट म्हणते ते उगाच नाही, हिशोब करू. एक दीड फुटाची मूर्ती धर. चिकणमाती आणायची, भिजत घालायची, खडे-मुळं काढायची, कापूस घालून मळायची, हे सगळं साठ मूर्तींत वाटून टाकलं तरी मूर्तीमागे अर्धा दिवस जातोच. मग बैठक, पोट, हात, सोंड, दोन दिवस. मग सुकवणं, आणि सत्तरीचा पाऊस म्हणजे काय ते मी तुला सांगायला नको, वाळपईला पणजीपेक्षा जास्तच कोसळतो, भर श्रावणात मूर्ती वरून सुकलेली दिसते आणि आत ओली असते, मग गळ्याला नाहीतर बगलेत चीर जाते, ती परत ओली माती भरून बुजवायची, बल्ब लावून ठेवायचे, रात्री उठून बघायचं. चिरा आणि घासकाम धर अर्धा दिवस. रंग, दागिने, शेवटी डोळे, आणखी एक दिवस. झाले चार दिवस. तुम्ही तिघं, साठ मूर्ती, म्हणजे २४० दिवसांचं काम, प्रत्येकाचे ऐंशी. दिवसाची मजुरी ८०० धर, कमीच धरतेय, तुमच्याकडे माड उतरवायला पाडेली येतो तो किती घेतो ते बाबांना विचार. चार दिवसांचे ३,२००. माती, रंग, कापूस, बल्बांची वीज मिळून ४०० धरू. झाले ३,६००. गिऱ्हाईक ठेवतो १,८००. म्हणजे दर पाटामागे तुम्हीच त्याला १,८०० रुपये देताय आणि वर गणपती.

आता बाबा म्हणणार देवाचं काम आहे, भाव कसा सांगायचा. मला हे समजतं, विड्यावर नारळ आणि पैसे ठेवायचे आणि मोजायचे नाहीत ही पद्धत मीपण बघितलीय आणि मला ती आवडतेही. पण मग माटोळीच्या, म्हणजे गणपतीच्या वर बांधायच्या फळा-पानांच्या, बाजारात बघ. रानातून आणलेली फळं, घाग्ऱ्यो, कवंडळं, आंबाडे, जुडीला जुडी बांधून बसलेली बाई काय सांगेल तो भाव आपण देतो, एक शब्द बोलत नाही, कारण माटोळी बांधायचीच आहे. मखरवाला भाव सांगतो, दारूकामवाला सांगतो, स्पीकरवाला तर अॅडव्हान्स घेतो. सगळ्या चवथीत भाव सांगायला लाजणारा एकच माणूस, तो म्हणजे मूर्ती करणारा.

एकदम डबल करू नका, लोक तोंडावर काही बोलणार नाहीत पण पुढच्या वर्षी पाट दुसरीकडे जाईल. यंदा दीड फुटाला २,५००, हे पाट घेतानाच सांगायचं, चवथीच्या आदल्या दिवशी नाही. बाबांच्या तोंडून नाही निघत ना, तर तू एक फळा रंगव, फुटाप्रमाणे भाव लिही आणि दारात लाव. पाट आला की वहीत नाव, उंची, रक्कम, पाचशे अॅडव्हान्स. एवढ्यानेच १,०८,०००चे १,५०,००० होतात. नवीन गिऱ्हाईक आलं तर त्याला पहिल्यापासून पूर्ण भाव. ज्याचं खरंच कठीण आहे, वाड्यावरची कोणी एकटी म्हातारी वगैरे, तिला बाबांनी पूर्वीसारखंच द्यावं, ते फळ्यावर लिहायची गरज नाही.

आणि हो, मातीच्या मूर्तीला हस्तकला महामंडळाकडून मूर्तीमागे सबसिडी मिळते, ती बाबा घेतात का हे तू लिहिलं नाहीस. घेत नसतील तर यंदा नाव घाला. पीओपीला गोव्यात बंदी आहे तरी बाहेरून मूर्ती येतातच, त्या स्वस्त पडतात, त्यांच्याशी भावात भांडायला जाऊ नका. ज्याला ती हवी तो तुमच्याकडे पाट घेऊन येतच नाही.

चवथ झाली की तू काय करतेस? दिवे. मी म्हणते दिवे सोड आणि नरकासुराचे मुखवटे कर. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस म्हापसा, पणजी, मडगाव, कुठेही बाजारात जा, मुखवटे टांगलेले असतात, गल्लीगल्लीत पोरं वर्गणी काढून नरकासुराचा पुतळा करतात आणि अंग पेंढ्याचं-कागदाचं ती स्वतः उभं करतात पण तोंड बहुतेक विकतच आणतात. तुझ्याकडे मातीचा साचा करायचा हात आहे, त्यावर कागदाचे थर चिकटवायचे, माती काढून परत वापरायची. कागद हलका, फुटत नाही, बसमध्ये घालून नेता येतो, टेराकोटाला यातलं एकही जमत नाही. आणि तुझे ते डोळे! मोठ्या मंडळांना मोठं तोंड लागतं, बक्षिसाची स्पर्धा असते, त्यांना बाजारातलं चालत नाही. साखळी, डिचोली, फोंडा इथल्या चार मंडळांना ऑगस्ट संपायच्या आत फोटो पाठवून ठेव, म्हणजे चवथ आटपून ते जागे होतील तेव्हा तुझं नाव त्यांच्याकडे असेल. पण चवथीचं काम अंगावर असताना मोठी ऑर्डर कबूल करू नकोस, तिघंच आहात.

शिगम्याच्या चित्ररथांचंही तसंच, पणजी-फोंडाच कशाला, तुमच्या साखळी-वाळपईलाही मिरवणूक निघते, तिथे मूर्तिकाम करणारी माणसं लागतात. फक्त मंडळांचा पैसा कधी येईल सांगता येत नाही, बक्षीस लागल्यावर देतो म्हणतात, बक्षीस लागतं नाहीतर नाही लागत. निम्मे आधी, उरलेले रथ बाहेर काढायच्या आत. हे रोखठोक बोलायला तुला जड जाईल, तुझं पत्र वाचून कळतं, तर काकांना पुढे कर.

घुमटाचा, म्हणजे मातीच्या भांड्यावर चामडं ताणलेल्या आपल्या वाद्याचा, विचार तुझ्या डोक्यात येईल म्हणून आधीच सांगते. २०१९ ला ते राज्याचं वारसा वाद्य झालं तेव्हापासून बरंच बोललं जातं, घुमट आरतीच्या स्पर्धाही खूप होतात. पण घुमटाचं भांडं चाकावरचं काम आहे, जाडी कमीजास्त झाली की आवाज बसतो, आणि वर चामडं. घोरपडीचं कायद्याने चालत नाही, १९७२ पासूनचा वन्यजीव कायदा आहे, तेव्हा बकरीचं, आणि ते ताणून बांधणं ही वेगळीच विद्या. डिचोलीच्या कुंभारांनी हयात घालवलीय त्यात. तू त्यांच्याकडून भांडी घेऊन वर रंगकाम करून विकशील तर ते ड्रॉइंगरूमच्या कोपऱ्यात शोभेला जाईल, वाजवणारा घेणार नाही. शिकायचंच असेल तर हौस म्हणून शीक, कमाईत धरू नकोस.

आता पाट्या. मला यात सगळ्यात जास्त पैसा दिसतो आणि तू त्यांचा एकच फोटो पाठवलायस! पणजीच्या फोंताइनासमध्ये फिरली असशील, कॉलेज वरच आल्तिनोला होतं तुझं, घराघरावर अझुलेजोच्या, म्हणजे पोर्तुगीज पद्धतीने रंगवलेल्या, टाइलवर घराचं नाव, नंबर. गोयंकाराला घराच्या नावाची भारी हौस, हिंदू असो ख्रिश्चन असो, आणि आता तिकडे आसगावच्या बाजूला, बार्देश तालुक्यात, जे दिल्ली-मुंबईवाले जुनी घरं घेऊन दुरुस्त करतायत त्यांना तर गोव्याचं म्हणून काहीतरी दाराला लावायचंच असतं. (त्यांच्याबद्दल माझी मतं आहेत, ती वेगळ्या आठवड्यात.) टाइल करणारे खूप झालेत. भाजलेल्या मातीची, उठावाची, तुमच्या तांबड्या रंगाची पाटी मला तरी फारशी कुठे दिसली नाही. आणि पाटी ही नावावरच बनते, म्हणजे गिऱ्हाइकाने ऑर्डर दिल्याशिवाय तू हात लावणार नाहीस, माल पडून राहायचा प्रश्न नाही, अॅडव्हान्स मागायला लाज वाटत नाही, आणि दुकानाची गरजच नाही. गिऱ्हाईक एकेक शोधू नकोस, आर्किटेक्ट आणि घरं दुरुस्त करणारे कॉन्ट्रॅक्टर शोध, त्यांच्या हातात वर्षाला आठ-दहा घरं असतात. चार वेगवेगळ्या साइझचे नमुने कर, मागे साइझ आणि भाव लिही, पिशवीत घाल आणि जाऊन बस त्यांच्या ऑफिसात. मेल करू नकोस, मेल कोणी बघत नाही. आणि पाटी पावसात टिकते का ते आधी स्वतःच्या घराच्या भिंतीवर एक पूर्ण पावसाळा लावून बघ. कमी भाजलेली माती आपल्या पावसात सोलून निघते आणि शेवाळ धरते. एका बंगलेवाल्याची पाटी दुसऱ्या वर्षी गळून पडली की आख्ख्या आसगावात बोंब होईल.

आसगाव म्हटल्यावर ते दुकान. आठ महिने म्हणजे फार झाले. विक्रीवर ठेवायला दिलेल्या मालाचं असंच असतं, विकल्यावर पैसे म्हणतात, विकलं कधी ते तुला कळत नाही, आणि वर निम्म्याच्या आसपास कमिशन. कागद काही केलायस का? तुझ्या पत्रावरून वाटतं नाही. मग असं कर, फोन बंद. एक दिवस काढ, पाडव्याला नको आणि शनिवारीही नको, गिऱ्हाइकाच्या गर्दीत ते तुला उभं करून ठेवतील, मंगळवारी सकाळी जा. काय काय दिलं होतं त्याची यादी दोन प्रतींत लिहून ने, व्हॉट्सअॅपवर तेव्हाचे फोटो असतीलच, ते तारखेसकट दाखव. शेल्फवर काय उरलंय ते त्यांच्यासमोर मोज. जे नाही ते विकलं गेलं, त्याचे पैसे. जे आहे ते गाडीत. फुटलं म्हणाले तर तुकडे दाखवा म्हण. भांडू नकोस, फक्त उठू नकोस.

पुढच्या वेळेसाठी उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, करून ठेव. फुकट आहे, आधार नंबरावर ऑनलाइन होतं, कोणी त्याचे पैसे मागितले तर तो एजंट समज. ते झालं की छोट्या उद्योगाकडून माल घेणाऱ्याला २००६ च्या कायद्याप्रमाणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, नाही दिले तर व्याज चढतं आणि तक्रारीला जागा आहे. पण हे विकत घेतलेल्या मालाला, म्हणून दुकानदाराला सांग की ठेवायला देणार नाही, घ्यायचं तर चार पीस घे, रोख, तुला तीस-पस्तीस टक्के सोडते. जो घेणार नाही त्याला तुझा माल विकायचाच नव्हता, दुकान भरलेलं दिसायला हवं होतं.

इन्स्टाचं थोडक्यात. तुझ्या पानावर ढग आहेत, भाताची शेतं आहेत, तुझे मातीने भरलेले हात आहेत, सगळं आहे आणि कुठेही भाव नाही, साइझ नाही, ऑर्डर कशी द्यायची ते नाही. लोक लाइक करणार नाहीतर काय करणार? प्रत्येक वस्तूखाली तीन गोष्टी लिही, केवढी, कितीला, किती दिवसांत. ढग अधूनमधून चालतील.

कोणीतरी तुला सांगेलच की होमस्टे काढ, मातीचे वर्कशॉप घे, टुरिस्ट येतील, गावचं जेवण घाल. मला त्याचं वावडं नाही पण आत्ता नको. मी असे दोन-तीन प्रकार जवळून पाहिलेत, होतं काय तर मुलगी दोन तास माती शिकवते आणि तिची आई पहाटे पाचपासून बारा माणसांची सोलकढी, खतखतं आणि पातोळ्या करत बसते, आणि हिशोबात आईची मजुरी कधीच धरलेली नसते. शिकवायचंच असेल तर मुलांना कला शिकवणाऱ्या बालभवनची केंद्रं गावोगाव आहेत, तिथे कॉन्ट्रॅक्टवर शिक्षक घेतात, चौकशी करून ठेव. महिन्याची ठरलेली थोडी रक्कम हातात आली की भाव सांगताना आवाज कापत नाही, याचा उपयोग पैशापेक्षा जास्त आहे.

पुणं. मैत्रिणींना नाही म्हणताना वाईट वाटून घेऊ नकोस. आपल्याकडची मोठी माणसं गेलीच आहेत बाहेर, गायिका केसरबाई फोंड्याच्या केरीतून गेल्या, मोगूबाई कुर्डीतून गेल्या आणि ती कुर्डी तर पुढे साळावली धरणाच्या पाण्यात गेली, चित्रकार सूझा साळगावचा, तो मुंबईहून लंडन आणि मग न्यूयॉर्क. पण ते गेले कारण ऐकणारा, बघणारा, पैसे देणारा तिकडे होता आणि इकडे पोर्तुगीज बसले होते. तुझं पैसे देणारं माणूस साखळीत आहे, फोंड्यात आहे, बार्देशात आहे. पुण्यात तू भाडं भरशील, माती विकत घेशील, आणि जून ते सप्टेंबर बाबांना हात द्यायला परत येशीलच, मग स्टुडिओचं चार महिन्यांचं भाडं कोण भरणार? प्रदर्शन करायला जा, महिनाभर राहून ये, मैत्रिणींच्या ओळखीने तिकडच्या आर्किटेक्टना पाट्या दाखव. बिऱ्हाड नेऊ नकोस.

आता आई. इथे मी आईच्या बाजूने थोडी बोलणार आहे, ऐकून घे. ज्या घरात अंगणात टिपर गंजताना बघितलाय त्या घरातल्या बाईला दर एक तारखेला येणारा पगार म्हणजे काय वाटत असेल, तिला कलेचं कळत नाही असं म्हणून सोडू नकोस. एलडीसीचा फॉर्म भर, परीक्षा दे. त्यात कमीपणा काही नाही आणि लागली तर तेव्हा विचार करायला तू मोकळी आहेस. पण तो ओळखीचा माणूस, त्याला एक रुपया द्यायचा नाही. २०२४ च्या शेवटी नोकरीसाठी पैसे घेतल्याच्या किती केसेस बाहेर आल्या, रोज पेपरात होतं, लोकांनी सोनं विकून दिलेले लाखो रुपये गेले आणि नोकरीही नाही. आईला तेव्हाचं पेपरातलं काढून वाचून दाखव, तू सांगितलेलं तिला पटणार नाही, छापलेलं पटेल. तिने आधीच काही दिलं असेल तर तेही प्रेमाने काढून घे तिच्याकडून, ओरडलीस तर लपवेल.

भांडवलाचं तू विचारलं नाहीस पण लागेल, निदान एका बऱ्या भट्टीपुरतं. तुमच्याकडे बँकेत गेलं की पहिला प्रश्न जमिनीचा एक-चौदाचा उतारा कोणाच्या नावावर, आणि सत्तरीत निम्म्या घरांचं तिथेच अडतं, आल्वारा म्हणजे पोर्तुगीज काळात लागवडीला दिलेल्या आणि मोकाशांच्या म्हणजे जुन्या जमीनदारांच्या जमिनींचं लफडं तुला माहीत आहे. म्हणून पीएम विश्वकर्मा ही केंद्राची कारागिरांसाठीची स्कीम बघ, तारण लागत नाही. सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली, अठरा धंदे आहेत त्यात मूर्तिकारही आहे आणि कुंभारही, हत्यारांसाठी १५,०००, ट्रेनिंगच्या दिवसांचे रोजचे ५००, आणि कर्ज आधी एक लाख, ते फेडलं की आणखी दोन लाख, ५ टक्क्यांनी. फक्त घरातल्या एकालाच मिळतं, आणि लग्न न झालेली मुलगी बाबांच्याच कुटुंबात धरतात, म्हणजे बाबांनी नाव घालायचं की तू हे घरात बसून ठरवा, नाहीतर पंचायतीत दोघांचे अर्ज जाऊन अडकतील. घरात कोणी सरकारी नोकरीत असेल तरही नाही मिळत, एलडीसी लागायची वाट बघत बसू नका एवढाच त्याचा अर्थ. मला विचारशील तर नाव तू घाल. बाबांचं हस्तकला महामंडळाकडे, तुझं इकडे.

आणि पहिला लाख मिळाला की लगेच विजेच्या भट्टीवर घालवू नकोस. लाकडाची भट्टी बरी बांधून पाट्या नीट भाजता येतायत का ते आधी बघ, तुमच्या वाड्यावर काजूच्या छाटणीचं सरपण आहे, ते विकत घ्यायचं नाही. वाड्याला थ्री फेज लाइन आहे का याची चौकशी वीज खात्यात आत्ताच करून ठेव, त्याला वेळ लागतो.

काजूचा सीझन उरकला की सगळी डोंगरावरून खाली येतात तेव्हा फळ्याचं बोलणं काढ, पाट यायच्या आधी. काका तुझ्या बाजूने येतील असं वाटतं, बाबांना तुम्ही दोघं मिळून पटवा. आणि आसगावचं काय झालं ते कळव, यादीची एक प्रत मला पाठव, पैसे नाही दिले तर पुढचं काय करायचं ते बघू.